व्हिटेकरबाईचा काळा पोशाख

"डाव्या बाजूला शिव," यामिनीताई म्हणाल्या. "रोजच्या जागी."

काळा बॉडिस उलटा करून मी मांडीवर घेतला होता. बॉडिस म्हणजे त्या इंग्रजी पोशाखाचा गळ्यापासून कमरेपर्यंतचा भाग. आपल्या चोळीची शिकलेली, ताठ मानेची मावशी म्हणा. त्याच्या अस्तरात, डाव्या बरगडीखाली येईल असा एक लहानसा खिसा मी करून ठेवला होता. यामिनीताई रोज सकाळी त्यात मंगळसूत्र टाकायच्या, मी वरून टाके घालायची, आणि मग त्या मिसेस व्हिटेकर व्हायच्या.

ही आमच्या कपडेपटातली रीत. नवरा असलेल्या नटीला विधवेचं काम आलं तर गळा मोकळा करायचा, पण मंगळसूत्र पेटीत टाकायचं नाही. अंगाला लागून कुठेतरी राहिलं पाहिजे. आपली विधवा असली की सोपं असतं, कमरेला खोचलं की झालं. इंग्रज विधवेचं अवघड. तिच्या अंगात आणि कपड्यात श्वास जाईल एवढीच फट असते. एरवी मंगळसूत्राला बेडी म्हणून मुलाखती देणाऱ्या बायकासुद्धा अशा दिवशी हळूच जवळ येऊन विचारतात, कुठे लपवता येईल गं? मी हसत नाही. हसले तर गिऱ्हाईक जाईल.

त्या दिवशी त्यांनी ते नुसतं दिलं नाही. रुमालात गाठ मारून दिलं.

"आज गाठोडं?"

"पोत तुटलीय."

"ताई, तुटली म्हणू नये. वाढवली म्हणावं."

"बरं. वाढवली."

त्या आरशाकडे पाहत होत्या. मी रुमाल तसाच खिशात सरकवला आणि सुई चालवली. बोटांखाली मणी सुटे सुटे सरकत होते. मग बॉडिस त्यांच्या अंगावर चढवला आणि पाठीवरच्या पट्टीखाली लपवलेले हुक एकेक करून लावले. त्या पट्टीमुळे हुक दिसत नसत, कपडा अंगावर शिवल्यासारखा वाटे. मला त्याचा मोठा अभिमान. कॉलरचा एक टाका सुटला होता. तो मी तसाच गळ्यावर घालायला घेतला आणि सवयीने दोऱ्याचा तुकडा त्यांच्यापुढे धरला. जिवंत माणसाच्या अंगावर शिवत नाहीत. शिवावंच लागलं तर त्या माणसाने दातात दोरा धरायचा. मेलेल्याला धरता येत नाही, एवढाच त्यातला फरक. यामिनीताई एरवी दोरा दातात धरून त्याच तोंडाने मला शिव्या द्यायच्या, मेले, टोचशील म्हणून.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "शिव तशीच."

मी शिवलं. त्यांच्या कपाळावर टिकली नव्हती, तेही पाहिलं. मेकअपवाल्याचं काम वाचलं, एवढंच मनात आलं. माणसं जोखण्यात मी स्वतःला पक्की समजत असे. पंचवीस वर्षं लोकांच्या छात्या-कमरा मोजल्यावर तेवढा गर्व येतोच.

"आज मला दिवस मावळायच्या आत खाली पोचायचंय," त्या म्हणाल्या. "मिरजेहून वन्सं यायच्यात. त्या यायच्या आधी पोचायचंय."

खाली म्हणजे वाईत. आम्ही पाचगणीला एका जुन्या बंगल्यात चित्रीकरण करत होतो आणि पसरणीचा घाट उतरला की वाईच्या एका दवाखान्यात त्यांचे यजमान, मुकुंदराव सबनीस, अंगभर नळ्या लावून पडले होते. मूत्रपिंडं गेली होती, मग फुप्फुसंही जायला लागली. यामिनीताईंना काम सोडता येईना आणि नवऱ्याला एकटं सोडवेना, म्हणून त्यांनी त्यांना डोंबिवलीहून उचलून वाईत आणून ठेवलं होतं. रात्र दवाखान्यात, दिवस बंगल्यात. आता डॉक्टरांनीही आशा सोडली होती. युनिटमध्ये सगळ्यांना हे ठाऊक होतं. सगळे हळहळायचे आणि वेळेवर बोलवायचे.

"हेरंबने कबूल केलंय," मी म्हटलं. "पहिला सीन तुमचाच."

"हेरंबने," यामिनीताई म्हणाल्या.

हेरंब आमचा कार्यकारी निर्माता. गोड बोलणारा मुलगा. त्याचं गोड बोलणं मी नेहमी उधारीच्या बाजूला मांडत असे.

मालिका होती एकोणिसाव्या शतकातली, मुलींची शाळा काढणाऱ्या एका बाईची. शाळेला मदत करणारा कलेक्टर व्हिटेकर आणि त्याची बायको, असं एक गोरं जोडपं त्यात होतं. यामिनीताईंचे डोळे घारे, म्हणून मराठीत मडमेचं काम निघालं की पहिला फोन त्यांना जायचा. साहेब मात्र महाग निघाला. त्याला हिंदीत मोठं काम लागलं, तारखा मिळेनात, आणि तारखा मिळेनात म्हणून साहेबाला पटकी झाली. एका आठवड्यात मडम विधवा. लेखकाने त्यावर एक ओळ लिहिली, मला त्यावर एक पोशाख शिवावा लागला.

मी तो जीव लावून शिवला. अजिबात चमक नसलेलं काळं कापड, त्यावर चुरगळलेल्या क्रेपच्या पट्ट्या, काळे हातमोजे, चेहऱ्यावर पाडायची काळी जाळी. कपडे माझ्याच मालकीचे असत, मी ते मालिकेला भाड्याने देत असे, म्हणून खर्च करताना हात आखडत नव्हता. भांडण झालं ते घेरावरून.

"विशाखाताई, घेर कुठाय?" हेरंबने विचारलं होतं.

"अठराशे सत्त्याहत्तर सालची बाई आहे. घागऱ्याखालचा तो तारेचा पिंजरा तोवर गेला होता. घेर मागच्या बाजूला सरकला होता."

"असेल. पण चॅनेलला घेर हवाय. प्रेक्षकाला राणीचा काळ म्हटला की घेर आठवतो. घेर नसला की बाई नर्स वाटते."

"आणि त्या काळचे लोक बघतील तर?"

"ते बघत नाहीत," हेरंब म्हणाला. "टीआरपीत धरत नाहीत त्यांना."

मग मी पिंजरा बांधला, दारातून तिरकं निघावं लागेल एवढा. दिग्दर्शक सलील जोगळेकर खूश झाला, पण त्याचं वेगळंच दुखणं होतं. हा काळा रंग फार काळा आहे, त्यात जरा चकाकी हवी, लेस हवी. "कपडाच इतका शोक करायला लागला तर बाई काय करणार?" तो म्हणाला.

यामिनीताईंना मात्र तो पोशाख पहिल्या दिवसापासून आवडला. मापं घेताना त्या खोदून खोदून विचारायच्या.

"हे किती दिवस घालायचे?"

"वर्ष, दीड वर्ष पूर्ण काळं. मग थोडा रेशमी काळा चालायचा. मग राखाडी, मग जांभळट. पायरीपायरीने वर यायचं."

"आणि बाहेर गेलं हे घालून, तर?"

"जाळी खाली असली की कोणी बोलायचं नाही, विचारायचं नाही. वाटेतून बाजूला व्हायचं. सगळं कपड्यानेच सांगायचं. बाईला तोंड उघडायला लागू नये, अशी सोय."

"सोय," यामिनीताई म्हणाल्या. "चांगला शब्द आहे. आपल्याकडे तशी काही सोय नाही बघ. आपल्याकडे दुसऱ्यांचीच सोय."

मला ते बोलणं आवडलं होतं. चहाबरोबर तोंडी लावायला बरं, असं वाटलं होतं.

तर त्या दिवशी पहिला सीन त्यांचा नव्हता. नायिकेला संध्याकाळी मुंबईत कुठल्याशा पुरस्काराला जायचं होतं, म्हणून तिचे सीन आधी लागले. हेरंब येऊन हात जोडून गेला. "ताई, जेवणानंतर लगेच तुमचा. शब्द देतो." यामिनीताईंनी मान हलवली. मला राग आला, त्यांना आला नाही. मी म्हटलं, कपडा उतरवू का, तोवर वाईला जाऊन या. त्या म्हणाल्या, "नको. घातलाय तर राहू दे."

त्या व्हरांड्यात एका स्टुलावर बसून राहिल्या. पिंजऱ्यामुळे खुर्चीत बसता यायचं नाही. थंडीचे दिवस होते. सिल्व्हर ओकच्या झाडांतून ऊन पडत होतं, खाली दरीत धोम धरणाचं पाणी दिसत होतं आणि त्याच्या अलीकडे वाई. त्या तिकडे बघत होत्या. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. स्पॉटदादाने चहा आणला, तोसुद्धा न बोलता बाजूला ठेवून गेला. त्याला वाटलं असेल, ताई भूमिकेत शिरल्यात.

जेवणाच्या वेळी हेरंबने मला बंगल्यामागे बोलावलं. त्याच्या खांद्याला पिशवी होती. सेटवरचं काही बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्यांचे फोन तो सकाळीच गोळा करून त्या पिशवीत ठेवायचा.

"एक घोळ झालाय," तो म्हणाला. "ताईंच्या नणंदेचा फोन आला, माझ्या नंबरवर. त्या कराडच्या पुढे आल्यात. ताई फोन घेत नाहीत म्हणून मला केला."

"मग?"

"मुकुंदराव गेले."

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"ताईंना माहीत नाही," हेरंब म्हणाला. "त्यांचा फोन सकाळपासून माझ्याकडे आहे. विशाखाताई, ऐकून घ्या. उद्याचा भाग आज रात्री चॅनेलला पोचवायचाय. हातात एकही जादा भाग नाही. एकच सीन आहे ताईंचा. तेवढा होऊ दे, मग मी स्वतः सांगतो. गाडी तयार ठेवतो. तास-दोन तासांनी काय फरक पडणार आहे आता?"

"कोणाला?"

"म्हणजे?"

"फरक कोणाला पडणार नाही, तेवढं सांग. त्यांना, तुला, की चॅनेलला?"

त्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग हळू आवाजात म्हणाला, "माझीही नोकरी आहे हो."

"असेल. मी जाऊन सांगते."

"ताई, प्लीज."

मी व्हरांड्यात गेले. जाताना वाक्य जुळवत होते. असलं वाक्य जुळत नाही, कुठूनही सुरू केलं तरी पहिल्या शब्दालाच शेवट कळतो. यामिनीताईंनी मला येताना पाहिलं. माझा चेहरा पाहिला. बांगड्यांवाचूनचा, काळ्या मोज्यातला एक हात त्यांनी वर केला.

"विशाखा, आत्ता काही सांगू नकोस."

"ताई, मला सांगायलाच..."

"शॉटनंतर. कॉलर बघ सरळ आहे का."

मी कॉलर सरळ केली. बोटांना त्यांच्या मानेची नाडी लागली. ती संथ चालत होती. काय समजायचं ते मला समजेना. बाईला सुगावा लागलाय आणि ऐकायची हिंमत नाही, असं मी धरून चालले. माझ्या परीने हिशेब जुळला होता.

सीन साधा होता. साहेबाला पुरून आल्यावर मिसेस व्हिटेकर दिवाणखान्यात उभी आहे, नायिका येते, हात हातात घेते, मडम म्हणते, "टुमी आलाट. ठँक यू. टो गेला, पण शाळा राहिल पाहिजे." मराठी मालिकांतल्या सगळ्या इंग्रजांना तोतरी जीभ असते, तशी तिलाही होती.

पहिला टेक झाला. यामिनीताई उभ्या राहिल्या, बोलल्या, थांबल्या. डोळे कोरडे. सलीलने मॉनिटरमागून मान काढली.

"ताई, सुंदर. फक्त थोडं रडा."

"का?"

"नवरा गेलाय तिचा."

"हो. त्यासाठी कपडा घातलाय तिने. मी कशाला रडू?"

युनिट हसलं. सलीलचंच वाक्य त्याला परत मिळालं होतं, तोही हसला. हेरंब मात्र हसला नाही, भिंतीला टेकून जमिनीकडे बघत राहिला. मीही हसले नाही. यामिनीताई आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या, एखादी बाई भाजीच्या दोन वाट्यांकडे बघते तशा, कुठली आधी उचलावी म्हणून.

"क्लोजअपला तरी पाणी हवं, ताई."

"मग ग्लिसरीन आण."

ग्लिसरीन आलं. डोळ्यांत थेंब पडले, पाणी वाहिलं, मडमेने शाळेचं वाक्य म्हटलं. नायिकेने तिला मिठी मारली आणि मिठीतच घड्याळ बघितलं. ते कॅमेऱ्यात आलं नाही. सलील म्हणाला, ओके. कोणीतरी टाळी वाजवली.

नायिकेची गाडी आधी गेली. मग हेरंब आला. वाटेत त्याने चेहरा तयार केला होता.

"ताई, वाईहून निरोप आलाय. तब्येत जरा जास्तच... तुम्ही लगेच निघावं."

"गाडी काढ," यामिनीताई म्हणाल्या.

"हो, उभीच आहे. तुम्ही कपडे बदलेपर्यंत..."

"बदलायचे नाहीत. अशीच जाते."

हेरंबने माझ्याकडे पाहिलं. "पण ताई, तो पोशाख... कदाचित एखादा शॉट परत घ्यावा लागेल. आणि दवाखान्यात असं जायचं म्हणजे, लोक काय..."

"पोशाख माझा आहे," मी म्हटलं. "मी बरोबर जाते."

का म्हटलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. कदाचित हेरंबला नाही म्हणायचं होतं, आणि हाताशी तेवढंच होतं.

त्याच्या पिशवीतून मी आम्हा दोघींचे फोन काढून घेतले. पिंजरा गाडीत घालणं हे एक कामच होतं. तारा तिरप्या करून, घेर दोन्ही हातांनी दाबून आम्ही त्यांना मागच्या सीटवर बसवलं. काळं कापड खिडकीच्या काचेपर्यंत वर आलं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. घाटातल्या पहिल्या वळणाला मी मागे वळले.

"ताई, मला तुम्हाला सांगायचंय."

"मुकुंद गेला, हेच ना."

ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडला, मग त्याने गाडी पुन्हा सोडली.

"पहाटे गेला," त्या म्हणाल्या. "मी होते तिथे. हात धरून बसले होते. मग नर्स म्हणाली, बाई, आता सोडा."

त्या खिडकीतून बाहेर बघत सांगत होत्या, आवाज अगदी रोजचा.

"डॉक्टर म्हणाले, कोणाला कळवू. मी म्हटलं, मिरजेला नणंद आहे. नणंदेने निरोप दिला, आम्ही येईपर्यंत हलवू नका. संध्याकाळपर्यंत पोचतो. मग त्याला खालच्या खोलीत नेलं आणि कुलूप लावलं. मला बाकावर बसवलं. वॉर्डातल्या बायका येऊन बघायला लागल्या. एकजण म्हणाली, रडा हो, मोकळं व्हा. एकीने विचारलं, तुम्ही सिरियलमध्ये आहात ना?"

"म्हणून वर आलात?"

"मला कपडा हवा होता, विशाखा. तो वर होता." मग त्या म्हणाल्या, "माझे सासरे वारले तेव्हा मी नवी होते. स्वयंपाकघरात चहा टाकत होते. बाहेर वन्सं आणि चार बायका सासूबाईंना घेऊन बसल्या. आधी न्हाऊ घातलं, हळद लावली, मळवट भरला, हिरवा चुडा भरला. शेवटचा म्हणून. नटवून झाल्यावर दोघींनी हात धरले आणि उंबऱ्यावर आपटले. मला आत आवाज आला. मी चहा गाळत होते. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हळू गं, हाताला लागतंय. एवढंच म्हणाल्या."

गाडी वळणं घेत होती. पुढच्या वळणाला एक स्ट्रॉबेरीवाला रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बसला होता. त्याने आमच्या गाडीत वाकून पाहिलं आणि तसाच बघत राहिला.

"वन्सं चुड्याची पिशवी घेऊन येणार," यामिनीताई म्हणाल्या. "त्या वाईट नाहीत. त्यांना वाटतं, करायचं ते केलंच पाहिजे. म्हणून मी पहाटेच त्याच्यासमोर सगळं काढलं. टिकली काढली, बांगडी काढली. पोत निघेना, आकडा अडकला होता. मग ओढली. त्याच्या चादरीवर मणी सांडले, ते वेचले. कोणी हात धरला नाही माझा. माझं मी केलं."

त्यांनी मोज्यातला हात डाव्या बरगडीवर ठेवला. मला सकाळची सुई आठवली. मी चांगले घट्ट टाके घातले होते.

दवाखाना लहान होता, खाली औषधांचं दुकान, वर खोल्या. गाडीतून त्यांना उतरवलं तेव्हा फाटकाशी उभी असलेली माणसं वळली. "अरे, ही व्हिटेकरबाई," कोणीतरी म्हणालं. "शूटिंग आहे का इथे?" दोन फोन वर झाले. एक बाई पोराला पुढे ढकलत म्हणाली, "मॅडम, एक फोटो." यामिनीताईंनी काळी जाळी चेहऱ्यावर सोडली. बाईने पोराला पुन्हा ढकललं, जरा कमी जोराने. जाळीमागचा चेहरा दिसेना, तेव्हा फोन हळूहळू खाली गेले. जिन्यात घेर दोन्ही भिंतींना घासत होता, उतरणारी माणसं मागे सरून परत वर चढली. ज्याला जे वाटायचं ते वाटो, वाट मात्र सगळ्यांनी दिली.

मुकुंदरावांना खालच्या खोलीतून काढून वरच्या एका अरुंद खोलीत आणून ठेवलं होतं. दारात वन्सं उभ्या होत्या, सत्तरीच्या, जाड भिंगांचा चष्मा, डोळे सुजलेले. बरोबर तिघी बायका. आणि खरंच हातात पिशवी.

"आलीस," वन्सं म्हणाल्या. "भाऊ माझा इथे गार पडलाय आणि तू नाटकातून आलीस. हे काय सोंग घातलंयस?"

यामिनीताई दारात घेर सावरत उभ्या राहिल्या.

"ती जाळी वर कर. तोंड तरी बघू दे." वन्संनी स्वतःच जाळी वर केली. कपाळ कोरं. "कुंकू कोणी पुसलं?"

"मीच."

"असं नसतं करायचं गं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर मऊ झाला. "आधी लावायचं असतं. आईचं केलं तसं तुझं करते. हात पुढे कर."

त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला हिरवा चुडा काढला. यामिनीताईंनी हात पुढे केला. काळा मोजा, त्यावर मनगटापासून कोपरापर्यंत आवळलेली बाही. वन्संनी एक बांगडी लावून पाहिली, ती मोज्यावर अडली. मग त्यांनी गळ्याकडे हात नेला. कॉलर हनुवटीपर्यंत.

"हे काढ आधी."

"निघत नाही," यामिनीताई म्हणाल्या. "तिला विचारा. तिने घातलाय."

वन्सं माझ्याकडे वळल्या. बाकीच्या तिघीही वळल्या. माझ्या कमरेला रोजच्यासारखी पिशवी होती, तिच्यात कात्री, सुया, टाचण्या. कात्रीच्या मुठी बाहेर दिसत होत्या. हुक काढायला मला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात त्यांची चूळ भरून झाली नसती.

"काढा हो बाई हे," वन्सं म्हणाल्या. "आम्हाला करायचं ते करू दे. माणूस किती वेळ ठेवायचं असं."

यामिनीताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या आत खाटेकडे बघत होत्या.

"निघत नाही," मी म्हटलं. "अंगावर शिवलाय."

"म्हणजे?"

"सकाळी हुक तुटले. वेळ नव्हता, मग अंगावरच शिवून टाकला. गळ्यापासून खालपर्यंत."

वन्संचा हात खाली आला. मागच्या तिघींपैकी एकीने पदर तोंडाला लावला.

"जित्या माणसाच्या अंगावर?" वन्सं म्हणाल्या. "दोरा तरी धरला होता का दातात?"

"नाही," यामिनीताई म्हणाल्या. "नव्हता धरला."

वन्सं एक पाऊल मागे सरल्या. चुडा त्यांनी पुन्हा कागदात गुंडाळला, पण कागद नीट बसेना, बांगड्या एकमेकींवर वाजत राहिल्या.

यामिनीताई आत गेल्या. खाट आणि भिंत यांच्यामध्ये एका माणसाने उभं राहावं एवढीच जागा होती. चॅनेलने मागून घेतलेला तो चुकीचा घेर तिथे शिरताना एका बाजूने वर उचलला गेला, मग खाली बसला, आणि खाटेपासून दारापर्यंतची सगळी फरशी काळी झाली. वन्सं मागोमाग आत जायला निघाल्या आणि उंबऱ्यावरच थांबल्या. पुढे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. आम्ही सगळ्या बाहेर उभ्या राहिलो. यामिनीताईंनी जाळी पुन्हा खाली सोडली आणि वाकून नवऱ्याच्या पायांवरची चादर सारखी केली. मग त्यांची पाठ हलायला लागली. आवाज आला नाही. पट्टीखालचा एकही हुक सुटला नाही, ते मी बघत होते.

तेवढ्यात हेरंबचा फोन आला. भाग वेळेत जात होता. क्लोजअप अप्रतिम आला होता. मी फोन बंद केला.

पुढे महिन्याभराने यामिनीताईंनी पोशाख परत पाठवला. धुतलेला, इस्त्री केलेला, मोजे घडी घालून वर ठेवलेले. मी सवयीने बॉडिस उलटा केला. डावीकडची शिवण माझीच होती, माझ्याच टाक्यांची. तिला कोणी हात लावला नव्हता. मी फोन केला.

"ताई, आत राहिलंय ते."

"माहीत आहे."

"पाठवून देऊ?"

"कुठे घालू?" त्या म्हणाल्या.

मी बॉडिस पुन्हा सुलटा केला. मग त्यांनीच विचारलं, घेराचा पिंजरा जिन्यात वाकला होता, तो सरळ झाला का. मी म्हटलं, झाला.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. यामिनीताईंनी नंतर मडमेचं काम घेतलं नाही. हेरंब आता चॅनेलमध्ये वरच्या जागेवर आहे आणि अजून गोड बोलतो. राणीच्या काळातल्या मालिका अधूनमधून निघतात, मग माणसं माझ्याकडे येतात, कपाटं उघडतात. मी घेर देते, पिंजरा देते, जाळी देते. काळा बॉडिस मागितला की सांगते, तो भाड्याचा नाही, कोणाचा तरी ठेवायला आलाय. तो मागच्या दांड्यावर एकटाच टांगलेला असतो. दुसरं काही काढताना त्याला धक्का लागला, तर आत मणी वाजतात.